छत्तिसावा महिना

“तारीख तर अजून पाच महिने आहे गं, मग असा कसा वास मारतंय हे?” पुढच्या सीटवरची बाई एका हातात लोशनची बाटली धरून आपलंच मनगट नाकाशी नेत शेजारणीला म्हणाली. “बघ ना. खवट. जुन्या तळणीच्या तेलासारखं.” शेजारणीने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि “शी, टाकून दे,” म्हणाली. त्यावर पहिली म्हणाली, “टाकू कशी? अर्धी बाटली आहे. पायांना लावीन. पायांना कुठे नाक असतं?” दोघी हसल्या. बस सिग्नलला थांबली होती. मागच्या सीटवर बसलेली ती मात्र हसली नाही. तिने मांडीवरची पर्स उगीचच उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, जणू आत काही विसरलंय आणि ते नेमकं काय हे पर्सच तिला सांगणार आहे.

बाटली तिच्या ओळखीची होती. नुसत्या ओळखीची कसली, तिच्या हाताखालून गेलेली. फिकट हिरवं झाकण, कमरेशी जरा आत दाबलेला आकार, आणि मागच्या बाजूला अगदी तळाशी, जिथे सहसा कुणाची नजर जात नाही तिथे, तीन बारीक ओळी: बॅच, बनवल्याची तारीख, मुदत. पूर्वी ती मुदत चोवीस महिन्यांची असायची. तिची तीस झाली ती हिच्या सहीने. म्हणजे पुढच्या सीटवरच्या त्या बाईच्या मनगटावर खवट होत बसलेले हे महिने हिनेच वाढवून दिलेले होते. ती पुढे वाकली. सीटच्या पाठीवर हात ठेवला, खिडकीबाहेर काहीतरी बघायचंय असं दाखवत चेहरा त्या मनगटापासून वीतभर अंतरावर नेला आणि खोल श्वास घेतला. हवा आत गेली. गार, कोरी, कशाचीच नसलेली हवा. काचेच्या पेल्याला आतून नाक लावावं तशी. “काही हवंय का तुम्हाला?” बाईने वळून विचारलं. “नाही नाही,” ती म्हणाली, “माझा स्टॉप आला.” तिचा स्टॉप आला नव्हता. तरी ती उतरली, आणि मग एक आख्खा स्टॉप चालत जाणं भाग पडलं.

चालताना तिला वाटलं, सांगायला हवं होतं. अहो बाई, पायांनाही लावू नका. पण असं सांगणारी ही कोण, असं त्या बाईने विचारलं असतं तर? तर सांगावं लागलं असतं की त्या लोशनच्या कारखान्यात वासाच्या टेबलाची मुख्य मीच. क्रीम, शाम्पू, लोशन, काखेत मारायचे फवारे, जे जे म्हणून माणूस सकाळी अंगाला लावून बाहेर पडतो, ते किती महिने जगणार हे ठरवताना शेवटचा शब्द माझा. यंत्रं आकडे देतात, पण तेल बिघडायला लागलं की ते आधी नाकाला कळतं आणि मागून यंत्राला. निदान त्यांच्या कारखान्यात तरी सगळे असं मानत. आणि ते नाक म्हणजे तिचं. शिक्षण म्हणाल तर काही नाही. ती आली होती पॅकिंगला, झाकणं लावायला. एक दिवस सुगंधाचं पिंप उघडलं तेव्हा लाइनवरूनच ओरडली होती, “हे नेहमीचं नाही, ह्यात काहीतरी धातूसारखं आहे,” आणि सुपरवायझरने तिला आधी झापलं होतं, मग पिंप परत पाठवलं होतं, मग तिला वर बोलावलं होतं. पदवीवाल्यांच्या खोलीत पांढरा कोट घालून ती पहिल्यांदा बसली तेव्हा कोटाच्या बाह्या बोटांवर येत होत्या. त्यालाही आता अठरा वर्षं झाली. पुस्तकं घरी आणून, शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारत, ती एकटीच शिकली. पण पुस्तकं काय, कुणीही वाचेल. तिला त्या खोलीत खुर्ची होती ती नाकामुळे. खाली लाइनवरच्या बायका तिला ‘नाकबाई’ म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, मग प्रेमाने.

नाक गेलं ते तापात. तीन वर्षांपूर्वी. ताप साधा होता, पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी ती उठली, आंघोळीला गेली, साबण अंगाला लावला आणि तिला वाटलं साबण बदललाय. नंतर वाटलं, सर्दी आहे. सर्दी गेली. मग वाटलं, महिनाभराने येईल. डॉक्टरही म्हणाला, “येतो, कधीकधी वेळ लागतो, रोज ओळखीचे चार वास घेत जा.” तिने घेतले. न्हाणीघराचं दार आतून लावून शेल्फावरची एकेक बाटली नाकाला लावायची, डोळे मिटायचे, वाट बघायची. कुणी दार ठोठावलं की पाणी सोडायचं. रिकाम्या घराची बेल वाजवत राहावी तसं ते होतं. आत कुणी नाही हे ठाऊक असतं, तरी बोट बटणावरून निघत नाही. आणि ह्या सगळ्या काळात ती कामावर जात होती. टेबलाशी बसत होती. बाटली उघडत होती. लिहीत होती. कारण तिला सगळं पाठ होतं. गुलाबाचं क्रीम बारा महिन्यांनी जरा दबतं, अठरा महिन्यांनी त्याला कागदासारखी कड येते. लिंबाचा शाम्पू आधी वरचा ताजेपणा सोडतो. एखाद्या गवयाचे कान जावेत आणि त्याने ओठांच्या हालचालींवर दाद देत बसावं, तशी ती आठवणीतून वास लिहीत होती. पहिल्या महिन्यात ती शेरे आधी पेन्सिलीने लिहायची. सहाव्या महिन्यात थेट पेनाने लिहू लागली. त्याचंच तिला जास्त भय वाटलं होतं.

फुटपाथवर एका दुकानाचं शटर वर जात होतं. आतून कुणीतरी बादलीभर फेसाचं पाणी रस्त्यावर ओतलं, आणि ती सवयीने थबकली, सवयीनेच नाकपुड्या फुलल्या. तेवढ्यात तिच्या मनात आलं, आत्ता सासूबाई इथे असत्या तर म्हणाल्या असत्या, “फिनेलचा भपकारा येतोय हं.” आणि ह्या एका वाक्याने ती जागच्या जागी उभी राहिली. मागून येणारा माणूस तिला धडकला, पुटपुटत निघून गेला. सासूबाई असं का म्हणाल्या असत्या? पूर्वी म्हणत नसत. ह्या घरात वासाबद्दल बोलायचा हक्क तिचा एकटीचा होता. तीच दारातून आत येताच सांगायची की कुणी कुठे काय सांडलंय. सासूबाई तर चिडायच्या, “सून आणली की पोलिसी कुत्रं” म्हणून. त्याच सासूबाई हल्ली दिवसभर बोलत असतात. “कांदा छान परतलाय आज, वास सुटलाय.” “साबण बदललास वाटतं, लिंबाचा आहे ना? बरा आहे.” “कपाट उघडं ठेव जरा, कोंदट वास येतोय.” तिला वाटायचं म्हातारपण आहे, बोलायला कुणी लागतं. पण म्हातारपणी माणूस दुखण्यांबद्दल बोलतं, कपाटांबद्दल नाही.

मग एकामागून एक सगळंच दिसायला लागलं, नको नको म्हणत असताना. नवरा रोज सकाळी दुधाच्या भांड्यावर वाकतो आणि कुणालाच न सांगितल्यासारखं “ठीक आहे” म्हणतो. ह्या माणसाने लग्नानंतरची वीस वर्षं दुधाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. त्यानेच गॅसची शेगडी काढून विजेची आणली. “पुसायला बरी पडते,” म्हणाला. ती पुसतो कोण, असं तिने विचारलं तर म्हणाला, “मी पुसेन,” आणि खरोखरच पुसू लागला. आणि लेक! लेकीने न्हाणीघरातल्या प्रत्येक वस्तूवर मार्करने तारीख लिहायला सुरुवात केली. उघडली अमुक तारखेला. संपवायची अमुक तारखेला. बाटलीमागे छापलेलं उघड्या डबीचं ते चिमुकलं चित्र आणि आतला ‘बारा महिने’ कुणी वाचत नाही, तर ही मुलगी दात घासायच्या पेस्टवरसुद्धा तारीख घालते. आईला केवढा अभिमान वाटला होता. पोरगी आपल्यावर गेली म्हणून शेजारीपाजारी सांगून झालं होतं. पोरगी तिच्यावर गेली नव्हती. आईला वासाने कळत नाही, निदान तारखेने कळावं, म्हणून ते होतं. जिना चढणाऱ्या आंधळ्याला पायरी आली पायरी आली म्हणत न्यावं, तसं हे घर तिला तीन वर्षं नेत होतं, आणि ती आपण एकटीच चढतोय अशा तोऱ्यात चढत होती.

हे कधीपासून? तिला ती दुपार आठवली. ती इस्त्री करत होती, फोनवर बोलता बोलता, इस्त्रीकडे पाठ करून. सासूबाई आतल्या खोलीतून जवळजवळ धावत आल्या. “अगं, जळतंय! घरभर वास सुटलाय, लक्ष कुठाय तुझं?” तिने वळून पाहिलं तर लेकीच्या कुर्त्यावर इस्त्रीच्या आकाराचा काळा डाग आणि वर धूर. सासूबाई पुढे आणखी काही बोलणार होत्या. त्यांना बोलायला आवडतं, आणि असा मुद्दा त्यांनी आयुष्यात हातचा जाऊ दिला नव्हता. पण त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, बघत राहिल्या, मग इस्त्रीचा प्लग काढला आणि म्हणाल्या, “जाऊ दे. जुनाच होता.” नवाकोरा होता तो.

कारखान्याच्या फाटकाशी पोचली तेव्हा तिच्या पाठीला घाम आला होता. कोट घालून ती आधी वासाच्या टेबलाकडे जायची, आज गेली नाही. नमुन्यांच्या खोलीत गेली. खिडकी नसलेली, लांबट, मांडण्यांनी भरलेली खोली. कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक बॅचची काही भावंडं इथे मागे ठेवलेली असतात. बाहेरची लोकांच्या अंगाला लागून संपतात, ही इथे नुसती म्हातारी होतात. भिंतीशी गरम कपाट, चाळीस अंशांचं. त्यात ठेवलं की सहा महिन्यांत दोन वर्षांचं वय अंगावर चढतं. मास्तर तिथेच स्टुलावर बसून चिठ्ठ्या चिकटवत होते. पूर्वी कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून मास्तर. नमुने मांडणं, नंबर घालणं, कुठल्या बाटलीत काय आहे ती किल्ली जपणं, हे त्यांचं काम. “आज आधी इकडे?” ते म्हणाले. “आणि चेहरा असा का? चाळिसाच्या कपाटातून काढल्यासारख्या दिसताय.” “तुम्ही तिथेच राहता वाटतं, म्हणून ओळखता,” ती म्हणाली, जीभ अजून जागेवर आहे हे बघून तिला जरा धीर आला. “मास्तर, मागची वही द्या.” “कुठली?” “आपली. शेऱ्यांची. आणि किल्लीची पण.” मास्तरांचा हात चिठ्ठीवरच थांबला. किल्लीची वही वास घेणाऱ्याने मागायची नसते. तरी त्यांनी ड्रॉवर उघडला आणि दिली, तिच्याकडे न बघता.

हिरव्या झाकणाची ती बॅच सापडली. तिच्या अक्षरात: वास कायम, किंचित मऊ. खाली नवीचा शेरा: वास कायम, मऊ. ही नवी टेबलावर येऊन दोन वर्षं झाली होती, तरी नवीच. त्याखाली टेबलावरच्या तिसऱ्याचा, दाढीवाल्याचा: वरीलप्रमाणे. तिने पानं मागे उलटली, पुढे उलटली. सगळीकडे तेच. ती, नवी, वरीलप्रमाणे. ती बोलत होती तसं टेबल लिहीत होतं. तीन माणसं, एक आठवण. मग तिने किल्लीची वही शेजारी ठेवली. मास्तरांची एक पद्धत होती, तिला माहीत असलेली पण कधी येईल हे माहीत नसलेली: अधूनमधून नमुन्यांच्या रांगेत एक कोरी बाटली ठेवायची. आत तेच क्रीम, पण सुगंध घातलेलाच नाही. वास घेणारा जागा आहे की झोपलाय, ते त्यावरून कळायचं. पूर्वी ती अशी बाटली उघडताच झाकण लावून म्हणायची, “मास्तर, थट्टा पुरे,” आणि सगळे हसायचे. दीड वर्षापूर्वीच्या एका पानावर, सातव्या नंबरापुढे, मास्तरांच्या मास्तरी अक्षरात ‘कोरी’ असं लिहिलेलं होतं. शेऱ्यांच्या वहीत सातव्या नंबरापुढे तिने लिहिलं होतं: पांढऱ्या फुलांचा वास कायम, मागे दुधाच्या सायीसारखा गोडवा. नवीने लिहिलं होतं: पांढऱ्या फुलांचा वास कायम. दाढीवाला: वरीलप्रमाणे.

तिला हसू आलं. सायीसारखा गोडवा. काहीच नसलेल्या बाटलीला तिने साय आणली होती. ती पुढची पानं बघत गेली. त्या दिवसानंतर ‘कोरी’ हा शब्द पुन्हा कुठेच नव्हता.

“मास्तर, कोरी बाटली ठेवणं बंद केलंत?”

“हं? नाही… म्हणजे, गडबडीत राहून जातं.”

“दीड वर्ष गडबड?”

मास्तरांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला, घातला, परत काढला. “वय झालं माझं,” ते म्हणाले. “आणि बाई, तुमच्यासारख्या माणसाची परीक्षा काय घ्यायची सारखी.” एवढं बोलून ते उठले आणि भरलेल्याच डबीत गोंद भरू लागले. तिला त्यांचा राग आला. मग कळेना की राग कशाचा. त्यांनी सांगितलं नाही ह्याचा, की सांगितलं असतं तर तिने त्यांना उभं चिरलं असतं हे त्यांना माहीत होतं ह्याचा. सगळ्यांनी मिळून तिला किती जपून ठेवलं होतं. मांडणीवर, नंबर घालून, अंधारात. आणि बाहेर बसमध्ये एक बाई खवट मनगट घेऊन कुठेतरी चालली होती.

दुपारी बाळाच्या लोशनची पाळी होती. हे तिला सकाळपासून माहीत होतं, सकाळपासून ती ह्याच गोष्टीच्या कडेकडेने चालत होती. मुदत चोवीस महिन्यांची छत्तीस करायची. यंत्रांचे आकडे बरे आले होते, वासाच्या टेबलाची सही बाकी होती. छत्तीस महिने ठेवलेली बाटली. तिने मनात महिने मोजले आणि मोजायला नको होते असं झालं. ही बॅच बनली तेव्हा तिने तिचा ताजा वास घेतला होता. शून्य महिना, वहीत तिचं अक्षर, आणि चार दिवसांनी ताप. म्हणजे ह्याच वासाची तिला खरी आठवण होती, अगदी शेवटची. उन्हात वाळलेला सुती कपडा, त्यावर कुणीतरी नुकतंच दूध प्यायलेलं, आणि खाली, फार खाली, बदामाची साल. इतकं स्वच्छ आठवत होतं की क्षणभर तिला वाटलं, आला. नाही आला. वास असा आठवून येत नाही. फक्त तो होता एवढंच आठवतं. तिने हात धुतले. पुन्हा धुतले. आरशात बघून टोपी सारखी केली. एक सही. काय बिघडणार आहे? आकडे बरे आहेत. आणि सही नाही केली तर? तर विचारतील, का नाही. तर तीन वर्षांच्या सगळ्या सह्या काढतील. पांढरा कोट जाईल, पुन्हा खाली लाइनवर, झाकणं लावायला; आणि तिथल्या बायका नाकबाई म्हणतील की म्हणणार नाहीत, ह्यातलं जास्त वाईट कोणतं ते तिला ठरवता येईना.

टेबलाभोवती सगळे बसले होते. विभागप्रमुख मॅडम उभ्याच होत्या, दाराशी, हातात फोन. “चला, होऊन जाऊ दे पटकन. मला संध्याकाळच्या आत वर कळवायचंय.” मास्तरांनी बाटली मधोमध ठेवली, कागदी पट्ट्या बुडवून एकेकाला दिल्या. तिने पट्टी नाकाखाली धरली. गार, कोरी हवा. सगळे नेहमीसारखे तिच्या तोंडाकडे बघत होते, पेनं उघडी ठेवून. वाक्य तयार होतं. जिभेच्या टोकावर नाही, पेनाच्या टोकावर. टेबलाखाली तिचा पाय आपोआप हलत होता आणि थांबवता थांबत नव्हता.

“आज तू सांग आधी,” ती नवीला म्हणाली.

“मी?” नवीने पट्टी नाकाला लावली, काढली. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली आणि लगेच पुसली गेली. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, जिथे पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं. “मला… मला नीट कळत नाहीये, बाई. तुम्हीच आधी सांगता ना नेहमी. तुम्हाला कसा येतोय?”

“मला काय येतंय ते राहू दे. तुला काय येतंय?”

“जरासा… नाही, बहुतेक माझंच काहीतरी. सकाळपासून नाक चोंदलंय.” नवीचं नाक चोंदलेलं नव्हतं, ते तिच्या आवाजावरून कुणालाही कळलं असतं.

“बाईंचं होऊ दे, मग मी लिहितो,” दाढीवाला म्हणाला.

“अहो, बाळाचं लोशन आहे, बॉम्ब नाही,” मॅडम म्हणाल्या. “काय चाललंय आज तुमचं?”

मास्तर खिडकीकडूनच म्हणाले, अगदी हळू, समजूत घातल्यासारखं, “लिहा बाई. नेहमीचंच असेल.”

नवीची पट्टी टेबलावर पडली होती. तिने ती परत नाकाकडे नेली नव्हती, आणि मघापासून ती बोटं नकळत कोटाला पुसत होती. एकदा, दोनदा, पुन्हा. हिने नवीच्या त्या बोटांकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं. पाय थांबला होता.

“मास्तर,” ती म्हणाली, “मला वास येत नाही.”

“ह्याचा?” मॅडमनी विचारलं.

“कशाचाच नाही. तीन वर्षं झाली.”